दोन होड्या, एक किनारा

बुधवार, अकरा तारीख

दादा,

नाही, मी राईचा पर्वत करत नाहीये. तू परत तेच लिहिलंस, "जळून गेलेला डबा तो, त्याच्यासाठी किती गळा काढशील?" जळून गेला होता ना? मग परवा फोनवर वहिनी कशी म्हणाली, "भाऊजी, बाबांच्या कॉम्प्युटरचे बरे पैसे आले हो"? बिचारीला वाटलं, मला ठाऊक आहे. साष्टांग नमस्कार घालायची रीत आहे म्हणून घालतो, पण या खेपेला अर्धाच समज.

आईचा गुडघा कसा आहे? माझं बरं चाललंय. म्हातारा, म्हणजे आमचा मालक, आता मला सोल्डरिंगला हात लावू देतो. दुकानात सगळे जुनेच कॉम्प्युटर येतात. कारखान्यांतली यंत्रं अजून त्यांच्यावर चालतात, म्हणून कुणाला टाकवत नाहीत.

बाबांनी आपल्यासाठी लिहिलेल्या होड्यांच्या खेळाची कॅसेट पाठवताना तू लिहिलंस, "मशीन गेलं, खेळ आहे ना. तिकडे कशावरही चालव, तेच ते." तेच ते कसं, ऐक.

आपल्या घरी होतं तसलं मशीन इथं नाही. म्हाताऱ्याकडे दुसऱ्याच जातकुळीचं एक जुनं आहे. त्यात एक फ्लॉपी घातली की ते आपल्या मशीनचं सोंग घेतं. पण सोंग घेणारा दमतो रे. बाबांचा एकेक हुकूम आधी समजून घ्यायचा, मग स्वतःच्या भाषेत करायचा. होड्या चिखलातून ओढल्यासारख्या चालतात. कॅसेट तर ते घेईचना. टेपचं डोकं पुसून, आवाज कमीजास्त करून हैराण झालो, तेव्हा कुठे पडद्यावर बाबांचा समुद्र आला. तेच वाकडं झाड किनाऱ्यावर. मला हसूच आलं. मग नाही आलं.

बाबा काय म्हणायचे? "दोघांच्या होड्या एकदम किनाऱ्याला लागल्या तरच शेवटची ओळ दिसेल. तुमच्यासाठीच लिहिलीय." आणि आपण जन्मभर एकमेकांच्या होड्या बुडवत बसलो. बाबा गेले, ओळ तशीच राहिली. मी निघालो तेव्हा तू म्हणालास, "ये परत, मग बसू."

इथं आणखी एक अडलं. आपल्या मशीनवर तुझी बटणं डावीकडे, माझी उजवीकडे, एकदम दाबली तरी चालायची. या कीबोर्डच्या आतल्या तारा वेगळ्या. दोघांनी एकदम दाबलं की तो एकाचंच ऐकतो, दुसरा जागच्या जागी. म्हातारा म्हणाला, "भावाभावांचं घर दिसतंय!" मग म्हणाला, "जीव कशाला काढतोस? प्रोग्रामच उघड आणि ओळ वाचून टाक." मी नाही म्हटलं. बाबांनी खेळायला सांगितलं होतं, चोरून वाचायला नाही.

वहिनीला मी पुढचं विचारायलाच नको होतं. म्हणाली, "घेणाऱ्याला चालतंय का बघायचं होतं, म्हणून दोघं खेळायला बसले. नंतर हे दाराआड जाऊन रडले. काय आलं होतं हो पडद्यावर?"

दादा, विकलंस ते गिळलं असतं मी. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे तू नेहमी ऐकवतोसच. खरं सांगितलं असतंस तर चार दिवस अबोला धरला असता, संपलं. पण तू माझ्या खुर्चीवर गिऱ्हाईक बसवलंस. माझी होडी त्याने किनाऱ्याला लावली. बाबांची ओळ त्याने वाचली. आणि मला म्हणे, जळलं.

ती ओळ लिहून पाठवू नकोस. फोनवरही सांगू नकोस.

काल मी माझी बटणं एका जुन्या जॉयस्टिकवर घेतली. तुझी कीबोर्डवर तशीच ठेवलीत. आता दोघांचंही ऐकतं. म्हातारा म्हणाला, "बसू का मी?" म्हटलं, नाही. होड्या हळूच चालतील, पण तेवढा वेळ तुला माझ्या शेजारी बसावं लागेल. तुला ओळ माहीत आहे. तोंड बंद ठेवायचं आणि बरोबरीने चालवायचं. एवढं तू माझं देणं लागतोस.

घरखर्चाचे आईकडे वेगळे पाठवलेत. तुझ्या नावाने फक्त इकडे यायचं भाडं आहे. परतीचं नाही. ते खेळ झाल्यावर, वाटलं तर देईन.

अजून तरी तुझाच,
धाकटा

भाड्याचे, मोजून घे: अकराशे साठ.