कळकलेला सिरका

काशीनाथ,

तू झोपला होतास, उठवलं नाही. मी पाथरीला निघालोय.

जांभळाचा सिरका बिघडला आहे. बरणी मी आणि तुझ्या पद्मीने उकळत्या पाण्याने धुतली, उन्हात वाळवली, हिंगाची धुरी दिली. तेव्हा दोष बरणीचा नाही. रस आधी दारूसारखा चढतो आणि मग आंबून सिरका होतो, हे पोरीला शिकवल्यापासून ती रोज वास घेऊन बघते. काल म्हणाली, "आजोबा, रस कमी व्हायलाय, पाणचट बी दिसायलाय. मांजर प्यायलंय का?"

मी हो म्हणालो. पण मांजर बरणीच्या तोंडावरल्या फडक्याची गाठ सोडून पुन्हा बांधत नाही.

मग मी चाखून पाहिला. पाणी मिसळलेलं आहेच, शिवाय पितळेत कळकल्याची चव आहे. आम्ही लाकडी पळीशिवाय काही बुडवत नाही. घरात कल्हई उडालेला पितळी पेला एकच, तुझा. त्यातून आंबट पिणं म्हणजे विष पिणं, हे तुला पद्मीएवढा असताना सांगितलं होतं.

पेला शोधू नकोस, कल्हईला नेतोय. आबकारीवाल्यांना वास लागण्याआधी बरणी उकिरड्यावर ओत. मग आम्ही धुतली तशीच धू, धुरी दे. येताना जांभळं आणतो. नवा रस तू आणि पद्मी भरा.

शाळेतून आली की ती मांजर शोधेल. त्या पोरीला मी आजवर खोटं शिकवलं नव्हतं. खरं काय ते तूच सांग.

आप्पा