माझ्याच हरकतीला माझं उत्तर

सोमवार, ३ नोव्हेंबर

निवारा मंजूर! तोही आमच्याच गल्लीत, बंद पडलेल्या शाळेत. रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी खाटा, पांघरुणं, अंघोळीला गरम पाणी. फाईल माझ्याच टेबलावरून गेली. नगरपालिकेत माझं काम मसुदे लिहिण्याचं – विचार साहेबांचे, वाक्यं माझी. म्हणजे विचार आला तर. नाही आला तर दोन्ही माझंच.

साहेबांनी वर शेरा मारलाय – "रहिवाशांच्या हरकती मागवाव्यात." मागवाव्यात! कुणाच्या पोटात दुखत नसलं तरी आमची कचेरी विचारून विचारून दुखवते.

घरी येताना मामांना सांगितलं. मामा आमच्या इमारतीचे वॉचमन. जिन्याखाली, विजेच्या मीटरांशेजारी झोपतात. दुसरं घर नाही. आणि आता जिन्याखालचंही जाणार – एक तारखेपासून सोसायटी विजेवर चालणारं गेट आणि कॅमेरे बसवतेय. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे आमचे हे! त्या मीटिंगच्या खुर्च्या मामांनीच मांडल्या होत्या. स्वतःला काढण्याच्या ठरावासाठी. ठराव झाल्यावर उचलल्याही त्यांनीच.

"मला मिळेल का हो खाट तिथं, ताई?"

"तुम्हाला नाही तर कुणाला? अर्ज मी लिहिते."

"खिडकीजवळची नको. उजेडाची सवय गेलीय." हसले. मला हसता आलं नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

मामांचा अर्ज दिला. पहिलं नाव त्यांचं. शिपायाकडून फाईलला दोरी बांधून घेतली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

रविवार, ९ नोव्हेंबर

आमच्या हॉलमध्ये सोसायटीची तातडीची सभा. निवाऱ्याला विरोध! ज्यांनी कधी जिन्यातला दिवा बदलला नाही, ते "गल्लीचं भवितव्य" म्हणत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू – "उद्या ते आपल्या बागेत बसतील!" आपली बाग म्हणजे चार कुंड्या. त्यातल्या दोन फुटक्या.

आतून सासूबाई ओरडल्या, "शाळा होती तेव्हा पोरांच्या गोंगाटाची तक्रार केलीत. आता झोपायला येणाऱ्यांची. झोपलेला माणूस करून करून गोंगाट काय करणार, घोरेल!"

मग सगळे माझ्याकडे वळले. हरकत मी लिहायची.

"अहो, तिचं उत्तर उद्या कचेरीत मलाच लिहायचंय!"

"मग तर उत्तमच," आमचे हे म्हणाले. "काय उत्तर येईल ते तुला आधीच ठाऊक."

संसाराची इतकी वर्षं झाली, पण हा माणूस अजून मला नवा वाटतो. कौतुकानं नव्हे.

नाहीच म्हणणार होते. तेवढ्यात तळमजल्यावरचे वकील म्हणाले, "बाईंना जमत नसेल तर मी लिहितो." वकिलांनी लिहिलं तर कलमं येतील, कोर्ट येईल, निवारा दहा वर्षं लोंबकळेल. म्हणून हो म्हणाले. आपणच लिहायचं आणि आत एक भोक ठेवायचं. कचेरीत बसून त्याच भोकातून सुरी घालायची. हे बेत ऐकायला कुणी नाही म्हणून इथे लिहितेय.

सोमवार, १० नोव्हेंबर

लिहिली. भोक ठेवलं – "निवाऱ्याची ये-जा आमच्या इमारतीसमोरून होणार" असं ठोकून दिलं. शाळेचं फाटक मागच्या रस्त्याला आहे. नकाशा बघितला की हरकत आडवी.

बाकीचं लंगडंच लिहायचं ठरवून बसले होते. हात ऐकेना! पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य उतरलं –

"ज्यांना स्वतःचे दार कधी नव्हते, त्यांना दुसऱ्याच्या दाराचे मोल काय कळणार?"

वाईट वाक्य आहे, हे लिहितानाच कळलं. झकास आहे, हेही कळलं. खोडायला हवं होतं. दोनदा मोठ्यानं वाचलं आणि ठेवलं. म्हटलं, जाऊ दे. सरकारी कागद पुरता वाचतो कोण?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

वाचतात! रोज संध्याकाळी गेटवर उभे राहून आमचे हे भोंग्यावर माझी हरकत वाचतात. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्या वाक्याला टाळ्या पडतात. मी पिशवी घेऊन खालमानेनं आत शिरते. तरी – लिहायला नको, पण लिहिते – टाळ्यांच्या वेळी पाय जरा रेंगाळतो.

आज फलक मामांच्या हातात होता. "निवारा नको!"

"तुम्ही कशाला धरलात?"

"सेक्रेटरीसाहेब म्हणाले, धर. हात रिकामेच होते."

हळूच म्हटलं, "धरा. आतून मी बघतेय सगळं. खाट तुमचीच."

मान हलवली त्यांनी. फलक सरळ केला. वाकडं काही चालत नाही त्यांना.

शनिवार, १५ नोव्हेंबर

यांचा घसा बसला. पण वाचन चालू. आज काकूंनी वाचलं. त्यांनी तर त्या वाक्यावर आवाजच कापरा केला!

मंगळवार, १८ नोव्हेंबर

हरकत माझ्या टेबलावर आली. आवक शिक्क्यासकट. घरची मुलगी सासरी आल्यासारखी दिसत होती – ओळख दाखवायची सोय नाही.

साहेबांनी बोलावलं. "बाई, हे ऐका." आणि तेच वाक्य! "काय लिहिलंय! असा एखादा माणूस आपल्याकडे हवा होता."

"हवा होता खरा," मी म्हटलं.

"मला तर वाटतं, थांबवावा का निवारा?"

साहेब पहिल्या परिच्छेदाच्या पुढे जात नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं की काय? भोक ठेवलं होतं दुसऱ्या पानावर! शहाणी मोठी!

नकाशा उघडून त्यांच्यासमोर धरला. फाटक दाखवलं. आवाज शक्य तितका कोरडा ठेवून म्हटलं, "उद्या वर्तमानपत्रात आलं की साहेबांना फाटक कुठल्या बाजूला ते ठाऊक नव्हतं, तर?"

साहेबांना माणसांची दया उशिरा येते, स्वतःची लगेच. "लिहा उत्तर," म्हणाले.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

हरकत फेटाळली! सही झाली. माझा पराभव करून मी जिंकले.

घरी यांनी उत्तर वाचलं आणि चष्मा आपटला. "कोण हा कारकून? भाषा बघ मेल्याची! शब्दाला शब्द देतोय!"

"असेल कुणीतरी."

"तुमच्यातच आहे ना? नाव काढ त्याचं."

सासूबाईंनी दोन्ही कागद मागून घेतले. भिंग लावून शांतपणे वाचले. परत देताना म्हणाल्या, "नवरा-बायकोचं भांडण तोंडानं करावं. कागद कशाला नासता?"

यांना काही कळलं नाही. मी कणकेला हात घातला.

बुधवार, २६ नोव्हेंबर

उद्घाटनाची तयारी. फीत आली, कात्री आली, पाहुणे ठरले. आता साहेबांना फोटोसाठी एक बेघर हवाय. "जरा नीटनेटका बघा, बाई. पण फार नीटनेटका नको, लोकांना खोटं वाटेल."

मी मामांचं नाव दिलं. फोटो तर फोटो. खाट मिळाल्याशी मतलब.

रविवार, ३० नोव्हेंबर

मामांचा निरोप. सोसायटीनं त्यांना भेट दिली – भिंतीवरचं घड्याळ! आमचे हे दोन वाक्यं बोलले, काकूंनी डोळे पुसले. ज्याची शेवटची भिंत आपण काढून घेतली, त्याला घड्याळ. निवडलं कुणी म्हणून विचारलं, तर म्हणे एकमतानं.

मामांनी जिन्याखालची जागा झाडून घेतली. वळकटी, पत्र्याची पेटी, घड्याळाचा खोका. मी जिन्यावरून खुणेनं विचारलं – उद्या? त्यांनी हात जोडले. मला वाटलं, हो म्हणाले.

सोमवार, १ डिसेंबर

मामा आले नाहीत.

फीत धरून साहेब ताटकळले. शेवटी मागच्या रस्त्यावरून एकाला आणलं, घाईघाईनं भांग पाडला, फोटो झाला. तो बिचारा फोटोनंतर निघून चालला होता. त्याला वाटलं काम संपलं. धरून सांगावं लागलं – अहो, झोपायचंय तुम्हाला इथं!

खाटा भरल्या. दाराजवळची, उजेडापासून लांबची, मी राखून ठेवली. वर पांघरूण घडी करून.

मंगळवार, २ डिसेंबर

स्टँड बघितला, दवाखान्याचा व्हरांडा बघितला. नाहीत. आमच्या यांना विचारलं, मामा गेले कुठे? "निवाऱ्यात गेले असतील की! तुम्हीच उघडलात ना?" – आणि पेपर वर.

गुरुवार, ४ डिसेंबर

नवं गेट अडकलं. सगळी इमारत आत कोंडली. अख्खा जमाव एका सुरात – "मामा असते तर!" सासूबाई गॅलरीतून म्हणाल्या, "कॅमेऱ्याला सांगा ना ढकलायला."

थंडी वाढलीय. निवारावाल्यानं विचारलं, ती खाट दुसऱ्याला देऊ का? म्हटलं, थांबा जरा.

रविवार, ७ डिसेंबर

मामा सापडले. बाजारामागे, बंद दुकानाच्या पायरीवर. घड्याळाचा खोका उशाला.

"अहो, खाट ठेवलीय तुमची! कधीची वाट बघतेय!"

त्यांनी खोका जवळ ओढला. मग म्हणाले, "तिथं कसा जाऊ, ताई? रोज संध्याकाळी ऐकलंय मी, उभ्यानं. ज्यांना स्वतःचे दार कधी नव्हते, त्यांना दुसऱ्याच्या दाराचे मोल काय कळणार... तिथं गेलो की मी त्यांच्यातला झालो. इथं पायरीवर अजून वॉचमन आहे."

पुढचंही म्हणून दाखवलं. दुसऱ्या पानासकट. कुठे अडखळले नाहीत.

"ज्यानं कुणी लिहिलंय ना ताई, त्याला माणसं कळतात."