जाऊन राहिली होती

९ जून, सोमवार
कोर्टाची सुट्टी संपली. आज अकोला कोर्टात तीन वकिलांकडे गेले. दोघांकडे ज्युनिअर भरलेले. तिसरे माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. मी दारात उभी, तर म्हणाले, "बसा काकू, तारीख कधीची आहे?" सांगितलं, पक्षकार नाही, वकील आहे, सनद मिळून चार महिने झाले. बिचारे एवढे ओशाळले की चहा मागवला. काम नाही म्हणाले. चहा चांगला होता.

छत्तिसाव्या वर्षी ज्युनिअर व्हायला निघालं की असंच. काळा कोट घालूनही मी लोकांना कुणाची तरी आई वाटते. आहेच म्हणा, दोघांची.

ही वही आजपासून. स्नेहलचा आदेश. (कॉलेजची मैत्रीण, अमरावतीची, वय पंचवीस, न्यायाधीशाच्या परीक्षेला बसते आहे. पुढे फक्त स्ने.) तिचं म्हणणं, रोज एक पान शुद्ध मराठीत लिही. "मुलाखतीत तोंडातून 'मले' निघालं की गेलीस कामातून." स्वतः अस्सल वऱ्हाडी, पण आता पुण्याच्या बातम्या देणाऱ्या बाईसारखी बोलते.

१४ जून, शनिवार
सकाळच्या गाडीने अमरावती. कॉलेजात रोजगार मेळावा. पुण्याची एक कंपनी होती, घरी बसून करार वाचायचे. मुलाखत घेणारी पोर म्हणाली, पदवी आणि कायदा यांच्यामध्ये बारा वर्षांची गॅप दिसते. म्हटलं, गॅप नव्हती, त्यात दोन मुलं आणि नर्सरीची लाखभर रोपं झाली. ती हसली. मेल करते म्हणाली. नाही करणार.

विम्यावाल्यांनी विचारलं, दाव्यांचे कागद तपासाल का? कोर्टात जावं लागणार नाही, एसी ऑफिस. विचार करून नाही म्हटलं. तीन वर्षं कॉलेजसाठी अकोला-बडनेरा उभ्याने प्रवास केला तो खुर्ची मिळावी म्हणून नाही. मला कोर्टात उभं राहून बोलायचंय. एवढंच आहे आणि ते सोडणार नाही.

स्ने.ने एक जाहिरात दाखवली. गरीब आरोपींचा बचाव मोफत करणारं सरकारी कार्यालय, अकोल्यातच. सहाय्यक वकिलाची जागा. मुलाखत ऑगस्टच्या शेवटी. अट: एखाद्या सीनिअरकडे काम केल्याचं प्रमाणपत्र. म्हणजे फिरून तिथेच. सीनिअर शोधा.

१५ जून, रविवार
यांनी नर्सरीत मिरचीचे ट्रे उचलता उचलता विचारलं, काय ठरलं? स्टँडजवळ रोपांचं दुकान घ्यायचं चाललंय, तिथे कुणीतरी बसायला हवं. मी दिवाळीपर्यंत मुदत मागितली. "घे न, पण मंग दिवाळीच्या दिशी आणखी तारीख नोको मांगू," म्हणाले. कोर्टाचं वारं घरातल्यांनाही लागलं.

२३ जून, सोमवार
मिळाले! गावंडे सर. साठीचे. पोटगी, फारकत, वाटणी असली घरगुती कामं. सगळे कागद मराठीत करतात. टायपिस्ट सोडून गेला म्हणून अडले होते. एकच प्रश्न विचारला, "शुद्ध लिवता येते काय?" म्हटलं, येतं. स्ने.ला फोन केला, तुझ्या शुद्धीला पहिलं गिऱ्हाईक लागलं.

पैशाचं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

१ जुलै, मंगळवार
पहिली पक्षकार जिच्याशी मी एकटी बोलले. रेखा. अठ्ठावीसची असेल. अकोटकडच्या गावची, बारावी पास. नवऱ्याने गेल्या राखीला घराबाहेर काढलं, तेव्हापासून भावाच्या घरी. भाजी विकते. खटला चालेल तेव्हा चालेल, तोवर पोटगी चालू व्हावी म्हणून अर्ज करायचा. सोबत तिचं प्रतिज्ञापत्र.

ती बोलत गेली, मी लिहीत गेले. पाच पानं. सगळं 'मले-तुले' धुऊन 'मला-तुला' केलं. तिने वाचलं, सही केली. "तुमी किती चांगलं लिवलं, बाई. मी असं बोललीच नव्हती," म्हणाली. मला कौतुक वाटलं ते.

सर म्हणाले, एक चूक नाही. वकीलपत्रावर त्यांच्या नावाखाली माझंही नाव घातलं. घरी येताना उगाच पायी आले.

१० जुलै, गुरुवार
सर बोलतात, मी मागे उभी. फाईल, तारीख, पान नंबर. आज एका आजीने विचारलं, "बाई, तुह्या केसचं काय झालं?" म्हटलं, चालू आहे.

न्यायाधीश मॅडम नव्याच बदलून आलेल्या, कोल्हापूरकडच्या. कमी बोलतात, सगळं वाचतात. सर म्हणतात, हेच अवघड असतं.

२२ जुलै, मंगळवार
रेखाच्या नवऱ्याचं उत्तर आलं. ऑफिसात उभ्या उभ्या वाचलं आणि खाली बसले.

त्यांचं म्हणणं, ही बाई स्वतःहून घर सोडून गेली, तिला पोटगी कशाची? पुरावा? तिचंच प्रतिज्ञापत्र, परिच्छेद सहा. माझं वाक्य. "मी राखीला माहेरी जाऊन राहिले होते, तेव्हा पतीने भांडण काढून घराला कुलूप लावले."

रेखा बोलली होती ते माझ्या कच्च्या कागदावर अजून आहे. "मी राखीले माहेरी जाऊन राहिली होती, तं यानं भांडण काढलं अन् घराले कुलूप लावलं." आमच्याकडे 'जाऊन राहिली होती' म्हणजे जात होती. निघाली होती, पिशवी हातात होती, दारातच होती. पण कोल्हापूरच्या माणसाने वाचलं तर? माहेरी गेली आणि तिथेच राहिली. मग रिकाम्या घराला नवरा कुलूप नाही लावणार तर काय.

मी 'राखीले'चं 'राखीला' केलं. 'राहिली होती'चं 'राहिले होते' केलं. आणि मधलं होतं तसं ठेवलं, कारण माझ्या कानाला ते बरोबरच वाटलं. सगळं वऱ्हाडी ठेवलं असतं तर निदान कुणी विचारलं असतं, हे काय आहे. अर्धवट शुद्ध केलं म्हणून ते खोटं झालं.

जेवले नाही.

२३ जुलै, बुधवार
सरांना सांगितलं. ते शांत. अकोल्यात कोणाले समजत नाही हे, तोंडी सांगून देतो, म्हणाले.

५ ऑगस्ट, मंगळवार
तोंडी सांगून झालं. मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, असेल तसं, पण कागदावर एक आहे आणि तुम्ही दुसरं सांगताय. शपथेवर लिहिलेलं शपथेवरच बदलेल. हे लिहिलं कुणी?

सर म्हणाले, खुलासा दाखल करतो. मी मागे उभी. फाईलची पानं उलटत राहिले. तारीख २० ऑगस्ट.

६ ऑगस्ट, बुधवार
सरांनी खुलासा सांगायला घेतला, मी टाइप करत होते. "अर्जदार ही अशिक्षित असल्याने व तिला मजकूर नीट न समजल्याने नजरचुकीने..." तिथे थांबले. म्हटलं, सर, ती बारावी आहे. तिने वाचून सही केली. चूक माझी आहे.

सर म्हणाले, हे वाक्य सवयीचं असतं, कुणी मनावर घेत नाही. चाळीस वर्षं सगळे हेच लिहितात. मी म्हटलं, मी माझ्या नावाने प्रतिज्ञापत्र देते. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तुही मुलाखत पंचवीसले आहे. निवड समितीत याच कोर्टातले न्यायाधीश बसतात, मालूम आहे न तुले? मॅडमही असू शकतात. पाच दिवस आधी तू त्यायच्याच पुढे जाऊन म्हणणार का मले लिहिता येत नाही? एक तारीख वाढवून घेऊ. मुलाखत होऊ दे, मंग कर काय करायचं ते."

वाईट बोलले नाहीत. माझ्या भल्याचंच बोलले. प्रमाणपत्रही त्यांनी सोमवारी न मागता सही करून दिलंय. पर्समध्ये आहे.

तारीख वाढवायची म्हणजे महिना. महिनाभर रेखा भावाच्या ओट्यावर.

टाइप केलेलं पुसलं नाही. तसंच ठेवून घरी आले.

७ ऑगस्ट, गुरुवार
स्ने. फोनवर ओरडली. वेडी आहेस का, इतक्या वर्षांची मेहनत, जागा एकच, आणि तू... म्हटलं, बघते. ती म्हणाली, बघू नकोस, तारीख घे.

खरं लिहू? तारीख घ्यावीशी वाटते.

८ ऑगस्ट, शुक्रवार
रेखा आली. उद्या राखी, म्हणजे वर्ष झालं तिला. मी सगळं सांगितलं. वाक्य वाचून दाखवलं, तिचं आणि माझं. भांडेल असं वाटलं होतं. तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

"मी तं बरोबर बोलली होती, बाई."

मग टेबलावर छापून ठेवलेला सरांचा खुलासा तिने स्वतःच उचलून वाचला. पहिली ओळ वाचून विचारलं, "अन् हे अशिक्षित कोन?"

लाज वाटली, इतकी की तिच्यासमोरच डोळे पुसले. तिनेच पाणी दिलं. जाताना म्हणाली, तुमाले जमन तसं करा. त्याने आणखीच लाजल्यासारखं झालं.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी
मोर्शीहून भाऊ आला. गडबड. यांना दुपारी सांगितलं. हे झेंडूच्या रोपांना पाणी देत होते. म्हणाले, "चूक आपली हाये तं सांगून टाक. आपलं रोप मेलं तं आपन गिऱ्हाइकाच्या पान्याले दोष देतो काय?"

म्हटलं, देता की. दर वर्षी देता.

हसले. "हो, देतो. म्हनून तं मले मालूम हाये, रातभर बरं नाई वाटत."

लग्नाला चौदा वर्षं झाली, हा माणूस असं कधीकधी बोलतो.

११ ऑगस्ट, सोमवार
लिहिलं. दीड पान. मी अमुक, अर्जदाराची वकील. अर्जदाराने हे शब्द वऱ्हाडी बोलीत सांगितले. त्यांचा अर्थ असा. लेखनात अर्धा बदल मी केला, त्यामुळे अर्थ फिरला. अर्जदाराची यात काही चूक नाही. सोबत कच्चा कागद, तिचे मूळ शब्द असलेला.

सरांनी दोनदा वाचलं. एक स्वल्पविराम काढला. त्यांचा खुलासा स्वतःच फाडून टोपलीत टाकला. मग म्हणाले, "ठीक आहे. पण उभी तू राहशील. मी बोलणार नाही."

शिक्षा होती की बक्षीस, कळलं नाही. विचारलंही नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार
युक्तिवादाची तयारी. नर्सरीत रोपांपुढे बोलून बघितलं. धाकटी म्हणाली, आई, हळू बोल, बाबा घाबरले. दोनदा 'मले' आलं. येऊ दे.

२० ऑगस्ट, बुधवार
सगळं लिहून ठेवते, विसरायच्या आत.

साडेअकराला पुकारा झाला. समोरचे वकील जागेवर नाहीत. शिपायाने फोन लावला. बाहेरच्या जिन्यातून त्यांचा आवाज आत आला, "येऊन राहिलो ना बाप्पा, दोन मिनिटं." दोनाची दहा झाली.

मी उभी राहिले. मॅडमनी माझा कागद वाचला. विचारलं, हे तुमचं प्रतिज्ञापत्र? स्वतःच्या चुकीचं? म्हटलं, हो मॅडम, माझं.

समोरचे म्हणाले, शब्द स्वच्छ आहेत, 'जाऊन राहिले' म्हणजे राहिले. आता सोयीचा अर्थ काढताहेत. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ते सगळं गेलं. तोंडातून निघालं ते असं: "मॅडम, वकीलसाहेब मघाशी जिन्यातून 'येऊन राहिलो' म्हणाले, तेव्हा ते आलेले नव्हते. तुम्ही दहा मिनिटं वाट पाहिली."

मागे कुणीतरी हसलं. समोरचेही हसले, मोठ्या मनाने, अकोल्याचेच ना. मॅडम हसल्या नाहीत. काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, हे समजलं, पण शपथेवरचा कागद तपासून देणं ही वकिलाची जबाबदारी असते, आणि ती तुम्ही पाळली नाही. म्हटलं, नाही पाळली. एवढंच.

आदेश १० सप्टेंबरला. काय होईल सांगता येत नाही. रेखाला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "माह्यं म्हननं त्यायनं आयकलं तं खरं." आणि अकोटच्या गाडीला पळाली, भाजी वाळत होती.

सर मागच्या बाकावर बसून होते. बाहेर आल्यावर फाईल माझ्या हातात दिली, पुढची तारीख तूच डायरीत लिहून घे म्हणाले.

चार वाजता रोजनामा बघायला गेले. कोर्टात आज काय झालं ते तिथे लिहितात, कायमचं. "अर्जदारातर्फे अॅड. वनिता इंगळे यांनी स्वतःच्या लेखनातील चुकीबाबत प्रतिज्ञापत्र दाखल केले. युक्तिवाद केला." कोर्टाने स्वतः लिहिलेल्या कागदावर माझं नाव अॅडव्होकेट म्हणून पहिल्यांदा आलं, ते चुकीसकट. तीनदा वाचलं. लिपिक म्हणाला, नक्कल पाहिजे काय? अर्ज करून आले.

मुलाखत सोमवारी. समितीत मॅडम आहेत की नाहीत, कुणी सांगत नाही. असल्या तर ओळख करून द्यायची गरज नाही.