तासभर उकळलेलं पाणी

बोईसर, ५ मार्च १९८४
आज रुजू झालो. इस्पितळ लहान पण नवं. क्वार्टरला चाफा आहे, विजया खूश आहे, दोन महिन्यांची सुलू पाळण्यात गाढ झोपली. माझ्याकडे औषधालय, शिवाय दूध न पचणाऱ्या बाळांसाठी सोयाबीनच्या भुकटीच्या बाटल्या. आधीचे कंपाउंडर अंदाजपंचे भुकटी घालत. तराजूवर बोटभर धूळ होती. डिग्री भिंतीवर टांगली. या लोकांना गरज आहे.

६ मार्च
आया नवसी डोंगराकडच्या पाड्यावरून बाटल्यांसाठी झऱ्याचं पाणी आणते, हंडाभर, शेवाळासकट. आवारात विहीर असताना. विचारलं तर म्हणते, हिरीचं पानी थोरल्याला चालतं, कवल्या पोराला नाय. का, ते तिलाही ठाऊक नाही. मागे दोन पोरं निळी पडून गेली म्हणे. मी हंडा मोरीत ओतला आणि तिच्यादेखत विहिरीचं तांब्याभर पाणी प्यायलो. मला काय धाड भरली? बाई रिकामा हंडा उचलून चालती झाली.

१२ मार्च
विजयाला टायफॉइड. सुलूला अंगावर पाजणं बंद. तिचीही बाटली आता मीच वॉर्डातल्यांबरोबर भरतो. सांभाळायला नाइलाजाने नवसी. दुसरं कोण मिळणार इथे. मी देईन तेच पाजायचं, दुसरं थेंबभर नाही, असं दोनदा बजावलं. तिच्या डोक्यात एकदा सांगून काही शिरत नाही.

१७ मार्च
पाच नंबरच्या बाळाचे ओठ सावळे दिसतात. सुलूची बाटली न्यायला आलेली नवसी दारातून नुसती बघते. जंतू म्हणजे काय हे जिला माहीत नाही तिने माझ्याकडे असं बघावं? तरी खबरदारी म्हणून पाणी तासभर उकळलं. निम्मं आटलं. यात जिवंत काही उरणं शक्य नाही.

१९ मार्च
पाच नंबर गेलं. तीन नंबरची नखं निळी. डॉक्टर म्हणतात हृदय — दोघांचंही? नवसीच काहीतरी करत असणार. पाणी दोन तास उकळलं.

२० मार्च
तीन नंबरचं रक्त काढलं. तपकिरी. काकवीसारखं.
डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं. विहिरीचं म्हटलं, तर सांगतात, तिच्याशेजारी संडासाची टाकी आहे. तिच्यातला क्षार झिरपतो, तान्ह्यांचं रक्त नासवतो, मोठ्यांना काही होत नाही. उकळून तो जात नाही. पाणी आटतं तसा दाट —
मी तांब्याभर प्यायलो होतो. मला काही —
विजयाचा निरोप. पोर सकाळपासून रडली नाही. बजावल्याप्रमाणे नवसीने दुसरं थेंबभर —
घरी न जाता औषधालयातच बसून लिहितो आहे.
नवसी दारात आली आहे. सुलू तिच्या हातात. दुपट्यातून सुलूची मूठ काढते आणि एकेक बोट उघडून नख