सहपत्र 'अ': बेचाळीस नावं

३ नोव्हेंबर, सकाळी ७
"खाडीतला कोळशाचा धक्का झालाच पाहिजे" ही माझी फेसबुक पोस्ट. लाइक तीन. त्यातला एक माझा. आमच्या लेकीने, अपूर्वाने, धक्क्याविरुद्ध चार ओळी खरडल्या, तर अकराशे! उघड पक्षपात. शिंची फेसबुक कंपनी परदेशात बसून मांडवीतल्या माणसाचा आवाज दाबते. उमा म्हणते, दिवसाला अठरा पोस्टी टाकता, लोकांनी तुम्हाला म्यूट केलंय. बायकोला अल्गोरिदम काय कळणार, कपाळ!

५ नोव्हेंबर
ठरलं. सरकारने हस्तक्षेप करायलाच हवा. फेसबुकविरुद्ध अर्ज देणार. एकतीस वर्षं सरकारी कारकुनी केली. सहपत्राशिवाय अर्ज म्हणजे अळणी आमटी. तक्ता जोडणार. संकल्प: भाषा संयमित ठेवणे.

८ नोव्हेंबर
भाषा साधली नाही. "देशद्रोही" पाच वेळा आलं. नाइलाज, विषयच तसा.
तक्ता मात्र देखणा. नाव, पत्ता, मोबाइल, मजकूर, लाइक. धक्क्याविरुद्ध लिहिणारी बेचाळीस नावं. अनुक्रमांक एकला अपूर्वा, कारण लाइक तिलाच सर्वांत जास्त. तक्त्यात आपपरभाव नाही. शेजारच्या महेंद्रने विचारलं, तक्रार कंपनीवर ना, मग माणसांचे मोबाइल नंबर कशाला? माझ्याच हाताखाली नोकरी केली, तरी विचारतो! रकाना रिकामा राहिला की फाइल परत येते. त्याचंही नाव आहे, सातवं. सांगितलं नाही, उगाच हुरळून जायचा.

२६ नोव्हेंबर
सरकार जागं झालं! हवालदार घरी आले. हातात माझ्याच तक्त्याची झेरॉक्स. फार वाखाणला; म्हणाले, आम्हाला घरं शोधावी लागली नाहीत. मी विचारलं, कंपनीचं काय? म्हणाले, कंपनी आमच्या हद्दीत येत नाही, हे लोक येतात. मग त्यांनीच विचारलं, एक नंबर घरात आहे का?

२७ नोव्हेंबर
अपूर्वाचा फोन पोलिसांनी ठेवून घेतला. ती शिकवते त्या शाळेने कळवलं, प्रकरण मिटेपर्यंत येऊ नका. मी समजावलं, घाबरू नको गो, तू साक्षीदार आहेस. तिने विचारलं, बाबा, तसं कुठे लिहिलंय? बघितलं. तक्त्याच्या डोक्यावर "देशद्रोही मजकूर पसरवणाऱ्यांची यादी". शीर्षक थोडक्यात द्यावं लागतं.
महेंद्रने मला बघून दार लावून घेतलं. संध्याकाळी समुद्रावर नेहमीचे चौघे आलेच नाहीत. वारा होता.

२ डिसेंबर
अनुक्रमांक एक वगळण्याचा अर्ज घेऊन कचेरीत गेलो. तिथली कारकून, मनस्विनी नावाची पोरगी, अदबीने म्हणाली, काका, दाखल झालेल्या यादीतून नाव काढता येत नाही. बरोबरच आहे. मीही लोकांना हेच सांगत असे. थोडा वेळ जिन्यात बसून राहिलो. माझी पोर आहे हो ती!

९ डिसेंबर
सुनावणीची नोटीस आली. अर्जदार: मी. गैरअर्जदार क्रमांक एक: अपूर्वा. सोमवारी साडेदहा. पत्ता एकच, म्हणून दोघांची पोच एकाच कागदावर. माझ्या सहीखाली तिने सही केली.
म्हटलं, रिक्षा सांगून ठेवतो, तिघं एकत्रच जाऊ. उमा म्हणाली, तुम्ही पुढे व्हा. आम्ही दोघी दुसऱ्या रिक्षाने येतो.