गाव सोडल्याचा दाखला

कोलंबस, जॉर्जिया
१२ मार्च १९८४

ती. ओडेसा आजीस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल, पण कुणापुढे तरी रडायचंय. गेल्या जूनमध्ये लाँड्री कंपनीने मला अलाबामातून इकडे पाठवलं, म्हणून कराचे दोन अर्ज भरले: मेपर्यंतच्या पगाराचा अलाबामाला, पुढच्याचा जॉर्जियाला. पण आळसाने डिसेंबरपर्यंत गाडीला अलाबामाचीच नंबरपाटी ठेवली, आणि कंपनीच्या वहीतही पत्ता तुझाच राहिला. आता अलाबामा म्हणतं, नोकरी तिकडे, तरी घर इकडेच. साऱ्या वर्षाचा कर आण. जॉर्जियाचा तर भरून झालाय! जूनमध्येच मुक्काम हलवला, असा तारखेचा कागद एप्रिलअखेरपर्यंत दाखवायचाय. मावशीच्या खोलीत राहते, ती कुठली पावती देणार? नाहीतर तीनशे दहा डॉलर जातील. नर्सिंगच्या शाळेची फी तेवढीच साठलीय.

तुझी, घाबरलेली
लव्हॉन

टॅलो क्रीक, अलाबामा
२० मार्च १९८४

चि. लव्हॉनला आजीचा आशीर्वाद आणि एक धपाटा.

लिहितेय आपल्या चर्चची चिटणीस रोझेल. अक्षर तिचं, शहाणपण माझं, आणि खाली सहीची फुलीही माझीच. तिला बजावलंय, बोलेन तसंच लिही. साखर पीचच्या कॉब्लर पुडिंगमध्ये घाल, माझ्या पत्रात नको.

कागद नाही म्हणतेस? अगं, जाताना मी किती मागे लागले होते, की इथल्या चर्चमधून नाव काढून तिकडच्यात घाल, अधांतरी लोंबकळू नकोस. तू तोंड वाकडं करून म्हणालीस, देवाला माझा पत्ता ठाऊक आहे. देवाला असेल, सरकारला नव्हता ना! शेवटी माझ्या कटकटीने हो म्हणालीस, आणि गेल्या जूनच्या पहिल्या रविवारी मंडळीपुढे ठराव झाला, बहीण लव्हॉन आजपासून कोलंबसच्या चर्चची. सगळ्यांनी हात वर केले. माझा सर्वांत शेवटी गेला, का ते विचारू नकोस.

चर्चच्या वहीतल्या त्या ठरावाच्या पानाची नक्कल रोझेलने काढली, पाळकांनी सही-शिक्का केला. सोबत आहे. तिकडच्या चर्चमधून तुझं नाव लागल्याची नोंद तू आण, आणि दोन्ही कागद कराच्या साहेबाला पाठव. एका माणसाने दोन बाकांवर बसायचं नसतं, हे आम्हा बाप्टिस्टांना कळतं, तर त्यालाही कळेल.

जेवत जा. माया आहेच, ती पत्राने ओली ठेव.
ओडेसा आजी ×

कोलंबस
२ मे १९८४

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलो! जूनपासून मी जॉर्जियाची, हे मान्य, मागणी रद्द. अलाबामाच्या करकचेरीतल्या बाईंनी फोन करून विचारलं, हा कागद सुचला कुणाला. आजीला म्हटल्यावर त्या हसतच सुटल्या. त्यांच्याही आजीने त्यांना चर्च बदलल्याच्या पत्रासाठी असंच पिडलं होतं म्हणे. आज शाळेची फी भरली. ऑगस्टमध्ये वर्ग. सोबतचं सरकारचं पत्र तुझ्याकडेच ठेव.

तुझी, मिरवणारी
लव्हॉन

टॅलो क्रीक
८ मे १९८४

चि. नर्सबाईंना आजीचे आशीर्वाद.

रविवारी प्रवचन संपल्यावर पाळकांना ते पत्र वाचायला लावलं. ‘मागणी रद्द’ आलं, तशी मी म्हटलं, पुन्हा वाचा. तिसऱ्यांदा सांगावंच लागलं नाही, सारी मंडळी उठून ओरडायला लागली. बासष्ट वर्षं त्या बाकावर बसतेय, पण सरकारी कागदाला आमेन पहिल्यांदाच ऐकलं. घरी येताना पत्र मीच धरलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. रोझेल म्हणाली, उलटं धरलंय. म्हटलं, असू दे, जिंकलेलं आहे ना!

शिकून आलीस की पहिलं इंजेक्शन मला नको, रोझेलला टोच. हे वाक्य तिने गाळलं असेल, तर दोन टोच.

लोभ आहे, तो दोन्ही राज्यांत चालतो.
ओडेसा आजी ×