कागदावर वीस

१३ जाने. भोगी.

सकाळीच माहेरी गेले. सासर-माहेर एकाच गावात, मधे फक्त मारुतीचा पार. त्यामुळं सणाला दोन चुली सांभाळायच्या, सुख काहीच नाही. आईनं तीळ लावून भाकरी थापल्या, मी भाजी निवडली. आज परमूचा वाढदिवस. खरा वाढदिवस. अठरा पूर्ण.

अकराला फोन लागला एकदाचा. आई फोनवर ओरडते. सरहद्द लांब, म्हणून मोठ्यानं बोलायचं असं तिला वाटतं. "अठरा झाले रं राजा तुला आज." तिकडून परमू हसत, "आये, हळू बोल. हितं कागदावर मला ईसावं चालू हाय."

मग फोन घेऊन मी ओट्यावर गेले. मला म्हणाला, "आक्का, तुजे लई उपकार. तू तवा गुरुजीला सहा म्हनलीस म्हनून. न्हाईतर आत्ता बारावीचं गाईड घेऊन बसलो असतो." मी म्हटलं, जास्त दात काढू नको. पण बरं वाटलं. भावाची भरती माझ्यामुळं दोन वर्षं आधी झाली, असं मनात आलंच. तीळ उरलेत, उद्या लाडू.

१९ जाने.

अंगणवाडीत वजन-उंची. पोरं भिंतीला नीट उभी राहत नाहीत. उंची घेताना परमू आठवला. दिवाळीला सुट्टीवर आला तेव्हा वर्दीची पँट घोट्याच्या वर. ट्रेनिंगला मापं घेतली त्यानंतर तीन बोटं वाढला होता. आई म्हणाली, "वाढतंय लेकरू अजून." आबांनी लगेच दार लोटलं. "गप बस. कुनी ऐकंल."

मिशीसुद्धा धड नाही. मी चिडवलं तर म्हणाला, साहेबबी तेच म्हनतात.

२९ जाने.

टीव्हीवर दिवसभर तेच. सरहद्दीवर तोफा सुरू. आबा टीव्हीसमोरून उठत नाहीत. जेवण तिथंच, चहा तिथंच. निवेदकाला लढाईची लई हौस. एकदा इथं येऊन आमच्या आईसमोर बसून बोल म्हणावं.

संध्याकाळी परमूचा मेसेज: "नेटवर्क राहणार नाही. काळजी नको." आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "काळजी नको म्हनतंय म्हंजी काळजीच हाय."

४ फेब्रु.

फोन नाही. सहा दिवस.

आईनं शनिवार धरलाय. ह्यांनी दोनदा विचारलं, काही कळलं का. कळलं असतं तर मी अशी बसले असते का. विनाकारण त्यांच्यावर ओरडले.

११ फेब्रु.

परमू गेला.

अंगणवाडीत होते. आबांच्या फोनवर कुणा साहेबाचा फोन, हिंदीत. आबा तसेच अनवाणी माझ्याकडं आले आणि फोन माझ्या कानाला लावला. चौकीवर गोळा पडला. तिघं होते.

नाही लिहिता येत.

१४ फेब्रु.

आणलं त्याला. फाट्यापासून गाड्या. एवढी माणसं गावानं कधी बघितली नव्हती. पोरं मोटारसायकलींवर, झेंडे, घोषणा. माझ्या हाताला कुणीतरी धरलं होतं, कोण ते आठवत नाही.

बारावीचे पेपर चालू आहेत. परीक्षेची पोरं पॅड छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभी होती, गाडी जाऊ द्यायला. त्यातली दोन परमूच्या मागं-पुढं जन्मलेली. एकाची आई परमूच्याच दिवशी भोगीला बाळंत झाली होती, आमची आई तिकडं उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत. त्या पोराकडं आईनं बघितलं आणि मग बघतच राहिली. मी तिचं तोंड वळवलं.

पेटी उघडली नाही. आई म्हणत होती, पाय तरी दावा.

२४ फेब्रु.

तेरावं झालं. पाहुणे गेले. आता लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

आई-आबा तेव्हा ऊसतोडीला जायचे. त्या साली आम्हा दोघांना चुलतीकडं ठेवून गेले. मी चौथीत, नऊ वर्षांची. परमू पाचाला दोन महिने कमी. चुलती दिवसभर रानात, म्हणून मी त्याला शाळेत न्यायचे. दुपारी खिचडी. पण पटावर नाव नाही तर ताट नाही. माझ्याच ताटात दोघं खायचो, आणि त्याची भूक राक्षसाची. मी रोज अर्धपोटी. एक दिवस गुरुजींनी विचारलं, हा किती वर्षांचा गं? मी म्हटलं, सहा. खरं माहीत होतं मला. सहा म्हटलं की पहिलीत नाव लागतं, हेही माहीत होतं. गुरुजींनी मान वर न करता लिहिलं, एक जून. आमच्या गावात निम्म्या माणसांचा जन्म एक जूनचा, माझासुद्धा. दुसऱ्या दिवशी त्याला त्याचं ताट मिळालं. दोन वेळा वाढून घेतलं त्यानं.

म्हणून तो बारावी लवकर. म्हणून भरती लवकर. शिरूरच्या रस्त्यावर पहाटे धावायचा, छाती एक बोट कमी भरायची म्हणून केळी खायचा, तेव्हा तो सोळाचा होता. सोळा. मीच त्याच्या हातात केळी द्यायचे.

खरं वय लागलं असतं तर त्या दिवशी तोही त्या कडेला पॅड घेऊन उभा असता.

आईला हे माहीत नाही. तिला वाटतं गुरुजींनी आपल्या मनानं लिहिलं. हे फक्त परमूला माहीत होतं, मीच त्याला सांगितलं होतं, हसत हसत.

१० मार्च

ग्रामपंचायतीत बैठक. फाट्यावर अर्धपुतळा आणि खाली नावाचा दगड. सरपंच म्हणाले, उद्घाटन एक जूनला करू, जयंतीच आहे. सगळ्यांनी माना हलवल्या.

आई बायकांत मागं बसली होती. उठून उभी राहिली. आमची आई चारचौघांत कधी बोलत नाही. "त्यो भोगीला जल्मलाय. दगडावर भोगी लिहा. अठरा वर्सांचा व्हता माजा लेक, ईस न्हाई." सरपंच नरमाईनं म्हणाले, काकू, कागदावर जे आहे तेच लिहावं लागतं. आई म्हणाली, "कागदानं काढलाय का त्याला?"

आबांनी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. रस्ताभर ती एकच बोलत होती, दोन वर्सं कुठून आणली माझ्या लेकराची. मी मागून चालत होते.

३ एप्रिल

गुरुजींकडं गेले. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, वडवणीला मुलाकडं असतात. बसनं गेले, ह्यांना अंगणवाडीची मीटिंग आहे सांगून. खोटं बोलायची सवय जुनीच.

गुरुजी फार थकलेत. परमूचं नाव काढताच रडायला लागले. म्हटलं, गुरुजी, मी सहा म्हटलं होतं, आठवतंय का? म्हणाले, "बाई, कुणी काय सांगितलं काही आठवत नाही गं. त्या साली पट कमी पडत होता. दिवाळीनंतर निम्मी शाळा तोडीला जायची. दिसेल त्या पोराला मी बसवून घेत होतो." मग म्हणाले, "मी लिहून देतो. चूक माझी. वय मी वाढवलं." चष्मा शोधायला उठलेसुद्धा.

मी कागद घेतला. पर्समध्ये घातला. येताना बसमध्ये तीनदा वाचला. त्यात माझं नाव कुठंच नाही.

५ एप्रिल

आबांना कागद दाखवला. वाचला, पुन्हा वाचला. वाटलं, आता आईला सांगतील. तर म्हणाले, "वर्षे, पोरी, ह्यो कागद भाईर गेला तर काय व्हईल कळतंय का? म्हनतील, खोटं वय लावून शिरला. शहीद म्हनून आलाय गं त्यो घरी. फसवून गेलता असं म्हनतील."

चुलीत घातला त्यांनी. मी बघत उभी राहिले. अडवलं नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं, आणि ते वाटलं म्हणून स्वतःची किळस आली.

२९ एप्रिल

अंगणवाडीत आज नको ते झालं. पलीकडच्या वस्तीवरची सोजर, दुसऱ्यांदा बाळंत होणार आहे, मोठ्या पोराला घेऊन आली. म्हणाली, "बाई, दाखल्याला ह्याचं एक वरीस वाढवा की. शाळंत बसंल, मला जरा उसंत."

मी काय काय बोलले तिला. रजिस्टर आपटलं. पोरगं रडायला लागलं. ती बिचारी म्हणत होती, अवं बाई, समदेच करत्यात की. समदेच करतात, खरंय. मदतनीस बाईंनी मला आत नेऊन पाणी दिलं. नंतर सोजरच्या घरी जाऊन माफी मागून आले. तिनं चहा केला. का चिडले ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

२४ मे

दगड तयार. कारागिरानं फोटो पाठवला, सरपंचांनी मला पुढं धाडला: "ताई, चेक करून कळवा." नाव बरोबर. गाव बरोबर. जन्म १ जून. खाली वीरमरणाची तारीख. अक्षरं सोनेरी, झकास कोरलीत.

"बरोबर आहे" असं लिहून पाठवलं.

रात्रीच्या जेवणाला माहेरीच होते. आबा आईला म्हणाले, "झालं तुज्या मनासारकं. भोगीच टाकलीया." आईनं त्यांच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं गुमान भाकरी मोडली. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. आबांना माझ्याकडं बघायचा धीर होत नव्हता.

२८ मे

आई बरी आहे. मांडवाला किती माणसं येतील, चहाला दूध कुठून आणायचं, असलं बोलते. शेजारणीला सांगत होती, दगडावर भोगी लिहिलीया, माज्या वर्षीनं बघितलंय. मी तिथून उठून आले.

ह्यांना सगळं सांगितलं. नऊ वर्षांच्या पोरीचा काय दोष, म्हणाले. चांगला माणूस आहे. पण परवा मान हलवली तेव्हा मी नऊ वर्षांची नव्हते.

३१ मे

दुपारी आई म्हणाली, चल, दगड बघून येऊ. मांडव घालून पोरं जेवायला गेली होती. फाट्यावर चिटपाखरू नाही, ऊन मी म्हणत होतं. पुतळ्यावर कापड घातलेलं, दगड उघडाच. आईला अक्षर येत नाही. पदरानं धूळ पुसली आणि म्हणाली, "वाच."

नाव वाचलं. गाव वाचलं. थांबले.

"तारीख वाच की."

भोगी म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. येता-जाता त्या दगडाला हात लावून जन्मभर भोगीच म्हणत राहिली असती. अगदी तोंडात आलं होतं.

"एक जून लिहिलंय आई."

ती दगडाकडं बघत राहिली. मग मी सगळंच सांगितलं. खिचडी, ताट, सहा, गुरुजी, आबांनी जाळलेला कागद, फोटोला दिलेलं उत्तर. एका दमात. मी नेलं आई त्याला, मी नेलं, असं काहीतरी म्हणत होते. हुंदके आवरेनात.

आई खाली बसली, दगडाला पाठ टेकून. मलाही हाताला धरून बसवलं. म्हणाली, "तू आपल्या मनानं कशाला सांगशील? तू लेकरू व्हतीस. गाडीत बसायच्या आदी मीच सांगितलतं तुला. गुरुजीनं इच्यारलं तर सहा सांग, लेकराला ताट भेटंल. ईसरलीस तू."

मला तो ट्रक आठवतो. वर भांडी, चटया, कोयते. आईनं परमूला माझ्या कडेवर दिलं आणि ती मागच्या फळीवरून वर चढली, ते आठवतं. काही सांगितलेलं आठवत नाही. किती जोर लावला तरी आठवत नाही. गुरुजींना विचारून उपयोग नाही. परमू तेव्हा एवढासा, आणि आता तोही नाही.

"आई, खरं सांगतीस, का माझ्यासाठी म्हणतीस?"

"तुला कंचं पायजे?"

तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, दगड पुसला होता त्याच पदरानं, आणि आम्ही घरी आलो. उद्या दहाला कार्यक्रम आहे. आई येणार का नाही, ते तिला अजून विचारलेलं नाही.